खाते आणि एजन्सी : डेन्व्हर येथील दैनिकांच्या जाहिरात-व्यवहारातील सत्तांतरे (१८५९–२००९)

१

वृत्तपत्राचा इतिहास लिहावयास बसणारा अभ्यासक बहुधा संपादकांच्या नामावलीपासून आरंभ करतो. कोणत्या संपादकाने कोणता पक्ष घेतला, कोणत्या अग्रलेखाने सरकार अस्वस्थ झाले, कोणाला कारावास भोगावा लागला, ह्या गोष्टी नोंदवून तो आपले काम संपले असे मानतो. जाहिरात-खात्याचा उल्लेख आलाच तर तो अखेरच्या प्रकरणात, छापखाना व वितरण ह्यांच्या पंगतीला, चार ओळींत येतो. ह्या उपेक्षेला कारण आहे. जाहिरातीचा मजकूर दुसऱ्याचा असतो, तो दुसऱ्याच्या पैशाने छापला जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याची किंमत रद्दीची होते. इतिहासकाराला त्यात विचार दिसत नाही. आणि जेथे विचार नाही तेथे इतिहास नाही, अशी त्याची समजूत असते.

ही समजूत तपासून पाहावयाची तर एखादे असे स्थानिक वृत्तपत्र घ्यावयास हवे की ज्याचे संपूर्ण आयुष्य ज्ञात आहे, जे वारंवार डबघाईस आले, आणि ज्याच्या जाहिरात-खात्याची सूत्रे अनेकदा एका हातातून दुसऱ्या हातात गेली. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या राजधानीत, डेन्व्हर येथे, २३ एप्रिल १८५९ रोजी जन्मलेले आणि २७ फेब्रुवारी २००९ रोजी अखेरचा अंक काढून बंद पडलेले ‘रॉकी माउंटन न्यूज’ हे असे वृत्तपत्र आहे. आणखी दोन महिने ते जगते तर त्याला दीडशे वर्षे पूर्ण झाली असती. त्याच्या मृत्यूची चर्चा पुष्कळ झाली. परंतु ती बहुतेक इंटरनेटचे आक्रमण आणि २००८ मधील आर्थिक मंदी ह्या दोन कारणांभोवतीच फिरत राहिली. ती कारणे खोटी नव्हेत. तथापि त्यांच्याही आधी, २००१ मध्ये, ह्या पत्राच्या बाबतीत एक गोष्ट घडून गेली होती : त्याचे जाहिरात-खाते त्याचे उरले नव्हते. ते कसे गेले, आणि त्याच्या जाण्याने काय झाले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२

१८५८ मध्ये रॉकी पर्वताच्या पायथ्याशी सोने सापडल्याची वार्ता पसरली आणि पुढील वसंत ऋतूत हजारो लोक तिकडे लोटले. त्यांत ओमाहा येथील विल्यम बायर्स हे एक गृहस्थ होते. त्यांनी बैलगाडीवर सोने खणण्याची कुदळफावडी न लादता छापखाना लादला होता. चेरी क्रीक नावाच्या ओढ्याच्या एका काठी ऑरेरिया व दुसऱ्या काठी डेन्व्हर अशा दोन वस्त्या वसत होत्या आणि त्यांच्यात विलक्षण चुरस होती. ऑरेरियातील एका दुकानाच्या माळ्यावर बायर्स ह्यांनी पहिला अंक छापला. त्याच दिवशी दुसऱ्या एका मुद्रकाचे पत्रही निघाले. परंतु सुमारे वीस मिनिटांच्या फरकाने बायर्स पुढे गेले आणि त्या प्रतिस्पर्ध्याने पहिल्या अंकानंतरच माघार घेतली.

ह्यानंतर बायर्स ह्यांनी जे केले ते वृत्तपत्राच्या अर्थव्यवहाराच्या दृष्टीने अत्यंत बोलके आहे. एका काठावर कचेरी थाटली तर दुसऱ्या काठावरील लोक परके होणार, हे ओळखून त्यांनी ओढ्याच्या कोरड्या पात्रात, दोन्ही वस्त्यांच्या मध्ये, खांब रोवून आपली कचेरी उभारली. वाचक, वर्गणीदार आणि जाहिरातदार हे सर्व एकाच लहानशा वस्तीत राहत होते. त्यांना जोडणारी जागा म्हणजे वृत्तपत्राची कचेरी. मे १८६४ मध्ये ओढ्याला महापूर आला आणि ती कचेरी छापखान्यासह वाहून गेली. तटस्थतेची ही किंमत मोठी होती. परंतु बायर्स ह्यांनी पत्र पुन्हा उभे केले आणि १८७८ पर्यंत ते चालविले.

ह्या काळात ‘जाहिरात-खाते’ अशी वेगळी वस्तू अस्तित्वात नव्हती. संपादक, मालक, मुद्रक आणि जाहिराती गोळा करणारा हे सर्व एकच मनुष्य असे. तो वाण्याच्या दुकानात जाई, बातमी विचारी, वर्गणी मागे आणि नव्या मालाची चार ओळींची जाहिरातही घेऊन येई. गावाची भरभराट व्हावी हा त्याचा ध्यास प्रामाणिक होता, आणि त्याच्या हिताचाही होता. गाव वाढले तर दुकाने वाढणार आणि दुकाने वाढली तर स्तंभ भरणार, हे गणित त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. आरंभीच्या स्थानिक पत्रांत नगराच्या भवितव्याविषयी जो अतिशयोक्त उत्साह आढळतो, त्याचे मूळ ह्या अभेदात आहे.

३

हा अभेद नगर लहान असेपर्यंत खपतो. नगर मोठे झाले, प्रतिस्पर्धी पत्रे आली आणि दुकानांची जागा मोठ्या वस्तुभांडारांनी घेतली, की त्याचे दुसरे रूप प्रकट होते. १८९५ मध्ये फ्रेडरिक बॉन्फिल्स आणि हॅरी टॅमन ह्या दुकलीने ‘डेन्व्हर पोस्ट’ हे आजारी पत्र विकत घेतले. दोघांपैकी एकालाही वृत्तपत्राचा पूर्वानुभव नव्हता. परंतु जाहिरात म्हणजे काय हे दोघांनाही जन्मजात कळत होते. भडक लाल मथळे, सनसनाटी मोहिमा आणि नाना तऱ्हांचे तमाशे ह्यांच्या बळावर त्यांनी थोड्याच वर्षांत पोस्टला त्या प्रदेशातील सर्वांत खपाऊ पत्र बनविले.

पोस्टमध्ये जाहिरात-खाते वेगळे झाले खरे, परंतु ते संपादनापासून स्वतंत्र झाले नाही. उलट संपादनच त्याच्या सेवेस जुंपले गेले, असा आक्षेप प्रतिस्पर्ध्यांकडून घेतला जाऊ लागला. न्यूजचे त्या वेळचे मालक टॉमस पॅटर्सन हे अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य राहिलेले गृहस्थ. बॉन्फिल्स हे आपल्या पत्राचा धाक दाखवून व्यापाऱ्यांना नमवितात, असे त्यांच्या पत्राने सूचित केले. त्याचा परिणाम म्हणून २६ डिसेंबर १९०७ रोजी बॉन्फिल्स ह्यांनी वृद्ध पॅटर्सन ह्यांना भर रस्त्यात मारहाण केली आणि त्याबद्दल न्यायालयाने त्यांना दंड केला. आरोप किती खरा होता हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तो उच्चारला जावा आणि त्यावरून हातघाई व्हावी, एवढ्यावरून एक गोष्ट सिद्ध होते. वृत्तपत्राची खरी सत्ता कोठे वसते, ह्याविषयी डेन्व्हरमधील वृत्तपत्रकारांच्या मनात कसलाही संदेह नव्हता.

१९१३ मध्ये पॅटर्सन ह्यांनी न्यूज शिकागो येथील जॉन शॅफर ह्यांना विकले आणि १९२६ मध्ये ते स्क्रिप्स–हॉवर्ड ह्या साखळी-कंपनीकडे आले. न्यूजची सूत्रे नगराबाहेरील धन्याकडे जाण्याची क्रिया अशा रीतीने टप्प्याटप्प्याने झाली. रॉय हॉवर्ड ह्यांनी डेन्व्हरमध्ये येऊन पोस्टला उघड आव्हान दिले. न्यूजने सायंआवृत्ती काढली, तर बॉन्फिल्स ह्यांनी १९२७ च्या आरंभी प्रातःआवृत्ती काढली. पुढील दीड-दोन वर्षे जे युद्ध झाले ते बातम्यांपेक्षा छोट्या जाहिरातींवरच अधिक लढले गेले. छोटी जाहिरात देणाऱ्यास मोटारीचे पेट्रोल फुकट, अशी प्रलोभने दाखविली गेली. लोकांनी पेट्रोलसाठी जाहिराती दिल्या आणि स्तंभ फुगले. परंतु ज्या जाहिरातीच्या किमतीहून अधिक मोल तिच्यासोबत परत द्यावे लागते, ती उत्पन्नाची बाब राहत नाही. नोव्हेंबर १९२८ मध्ये दोन्ही पक्षांनी तह केला. सकाळ न्यूजला आणि सायंकाळ पोस्टला, अशी वाटणी ठरली आणि दोन पत्रे मिटविण्यात आली.

ह्या तहाकडे नीट लक्ष द्यावयास हवे. बाजारपेठ दोघांत वाटून घेणे हा नाशापासून बचावाचा उपाय आहे, हा धडा डेन्व्हरने येथे प्रथम घेतला. तथापि १९२८ मध्ये जे वाटले गेले ते दिवसाचे प्रहर होते. जाहिरात-खाती ज्याची त्याच्याकडेच राहिली.

४

तहाने न्यूजचे दैन्य संपले नाही. १९४० च्या सुमारास ते बंद करण्याचा विचार मालक-कंपनीत बळावला होता. संपादक जॅक फॉस्टर ह्यांनी एक अखेरचा प्रयोग करून पाहण्याची अनुमती मिळविली आणि एप्रिल १९४२ मध्ये न्यूजचे रुंद पान मोडून ते निम्म्या आकाराचे, ‘टॅब्लॉइड’ पद्धतीचे केले. हा बदल वाचकाच्या सोयीसाठी होता, तसाच तो जाहिरातदाराच्या सोयीसाठीही होता. मोठ्या पानाच्या कोपऱ्यात हरवून जाणारा लहान व्यापारी अर्ध्या आकाराच्या पानावर ठळक दिसतो. आणि ज्याला पूर्ण पान घेण्याची ऐपत नव्हती त्याला आता ‘पूर्ण पान’ घेता येऊ लागते. पत्र वाचले आणि वाढीस लागले.

येथे संपादकाने जाहिरातदारापुढे लेखणी गहाण टाकली नाही, किंवा जाहिरात-खात्याने बातमीवर अंमल गाजविला नाही; परंतु एकाची अडचण दुसऱ्याला ठाऊक होती आणि उपाय दोघांना एकाच कचेरीत बसून काढता आला. न्यूजच्या इतिहासातील हा सर्वांत निरोगी क्षण मानावयास हरकत नाही. पत्र साखळी-कंपनीचे होते. पण त्याच्या पानाचा आकार काय असावा, हे सुचविण्याचा अधिकार डेन्व्हरमध्ये होता.

ह्या सुस्थितीचा दुसरा आधार नगराच्या व्यापारात होता. डेन्व्हर ड्राय गुड्स, डॅनियल्स अँड फिशर, जोस्लिन्स, मे कंपनी ही वस्तुभांडारे रोज पानेच्या पाने घेत. मे कंपनीचा जन्म तर कोलोरॅडोमधील लेडव्हिल ह्या खाणींच्या गावी १८७७ मध्ये झालेला; पुढे तिचे मुख्यालय सेंट लुइस येथे गेले तरी डेन्व्हरमधील तिचा पाया पक्का होता. भांडाराचा व्यवस्थापक आणि पत्राचा जाहिरात-प्रमुख हे दोघे एकाच नगराचे नागरिक. दर कितीचा, जागा कोणती, थकबाकी किती दिवस चालवून घ्यावयाची, हे सर्व त्या दोघांच्या परस्पर परिचयावर ठरे.

हा परिचय पुढे एका बाजूने नष्ट होत गेला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मे कंपनी व डॅनियल्स अँड फिशर ह्यांचे एकीकरण झाले. १९८७ मध्ये डेन्व्हर ड्राय गुड्स बंद पडले. १९९३ मध्ये मे डी अँड एफ हे नाव जाऊन फोलीज आले, १९९८ मध्ये जोस्लिन्स डिलर्ड्समध्ये विलीन झाले आणि २००६ मध्ये फोलीजचेही मेसीज झाले. चार भांडारांच्या चार जाहिराती जाऊन उरल्या त्या कमी झाल्या, आणि त्यांचा निर्णयही दूरच्या शहरातून होऊ लागला. एका बाजूचा मनुष्य नगर सोडून गेला होता. दुसऱ्या बाजूचा अजून होता. परंतु त्याचीही पाळी येत होती.

५

१९८० मध्ये पोस्ट हे लॉस एंजेलिस येथील टाइम्स मिरर कंपनीने विकत घेतले. १९८२ मध्ये ते सायंपत्राचे प्रातःपत्र झाले आणि १९२८ चा तह अशा रीतीने मोडला. १९८७ मध्ये ते विल्यम डीन सिंगलटन ह्यांच्या मीडियान्यूज कंपनीकडे आले. आता दोन प्रातःपत्रे एकाच वाचकवर्गासाठी आणि एकाच जाहिरातदारवर्गासाठी झुंजू लागली.

१९९० च्या दशकातील ही झुंज १९२७ च्या झुंजीची सुधारून वाढविलेली आवृत्ती होती. पेट्रोलऐवजी आता खुद्द वृत्तपत्रच जवळजवळ फुकट दिले जाऊ लागले : एका अंकास एक सेंट, ह्या दराने वार्षिक वर्गणी विकली गेली. ह्यामागील तर्क सरळ होता. जाहिरातीचा दर खपावर ठरतो. म्हणून तोटा सोसून खप वाढविला तर तो तोटा जाहिरात-खाते भरून काढील. परंतु दोघांनीही तोच उपाय योजल्यामुळे दोघांचाही खप वाढला आणि दर वाढविण्याची सोय मात्र एकालाही राहिली नाही. कारण जाहिरातदार एकाकडून उठून दुसऱ्याकडे जाऊ शकत होता. २००० च्या सुमारास दोन्ही पत्रांचा दैनिक खप प्रत्येकी ४ लाखांच्या वर गेला होता. ह्याच वेळी न्यूजने जाहीर केले की त्या दशकात आपणास १२ कोटी ३० लाख डॉलरचा तोटा आला आहे. चार लाख प्रती खपविणारे पत्र ‘मरणोन्मुख’ म्हणून न्याय-खात्याच्या दारी उभे राहिले.

६

न्याय-खात्याच्या दारी जावे लागले ह्याचे कारण अमेरिकेतील एक विशेष कायदा. १९३० च्या दशकातील मंदीपासून तेथे एक प्रथा रूढ झाली होती. एकाच गावातील दोन पत्रांनी छपाई, वितरण व जाहिरात ही कामे एकत्र करावयाची आणि संपादन मात्र वेगळे ठेवावयाचे. अशा कराराचे पहिले उदाहरण १९३३ मधील, आल्बुकर्क येथील. तथापि मिळून दर ठरविणे आणि नफा वाटून घेणे हे मक्तेदारी-विरोधी कायद्यात बसत नव्हते; टक्सन येथील १९४० च्या कराराविषयी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तसा निर्णय दिला. त्यावर उपाय म्हणून १९७० मध्ये वृत्तपत्र-संरक्षण कायदा करण्यात आला. त्याने २२ शहरांतील ४४ पत्रांचे चालू करार वाचविले आणि नव्या करारांना अॅटर्नी जनरलच्या अनुमतीची अट घातली. दोघांपैकी एक पत्र आर्थिक नाशाच्या संभाव्य धोक्यात असले पाहिजे, आणि संपादकीय वर्ग व धोरण पूर्णपणे स्वतंत्र राहिले पाहिजे, ह्या त्यातील मुख्य गोष्टी.

ह्या कायद्याच्या मुळाशी वृत्तपत्राविषयीची एक कल्पना आहे. मते व बातम्या हा वृत्तपत्राचा आत्मा; छपाई, वितरण व जाहिरात हे त्याचे शरीर. दोन आत्मे वेगळे राहिले म्हणजे पुरे. शरीर एक असले तरी चालेल. ही कल्पना मोहक आहे. अनेक मते ऐकू येणे लोकशाहीला आवश्यक आहे, हा तिच्यामागील हेतूही उदात्त आहे. परंतु एका शरीरात दोन आत्मे नांदवू पाहणाऱ्यांनी एक प्रश्न विचारला नाही : शरीर एकालाच पुरेल एवढेच उरले, तर त्यातून कोणी जावयाचे आणि ते कोणी ठरवावयाचे?

जानेवारी २००१ मध्ये अॅटर्नी जनरल जॅनेट रीनो ह्यांनी डेन्व्हरच्या कराराला अनुमती दिली. स्क्रिप्स कंपनीने मीडियान्यूजला ६ कोटी डॉलर द्यावयाचे, आणि ‘डेन्व्हर न्यूजपेपर एजन्सी’ ह्या नव्या संस्थेत दोघांनी निम्मी निम्मी भागीदारी घ्यावयाची, असे ठरले. सोमवार ते शुक्रवार दोन्ही पत्रे वेगळी निघत. शनिवारचा अंक न्यूजकडे आणि रविवारचा पोस्टकडे. जाहिरातींच्या दृष्टीने रविवार हा आठवड्याचा राजा. तो न्यूजच्या हातून गेला. दोन्ही पत्रांची जाहिरात-खाती बरखास्त होऊन त्यांतील माणसे एजन्सीच्या नोकरीत आली.

येथे शब्द बदलला आहे, आणि तो बदल अर्थपूर्ण आहे. इंग्रजीत खात्याला जो शब्द आहे त्याचा धात्वर्थ ‘विभागणे’ असा आहे. म्हणजे ज्याचा तो विभाग असेल असे एखादे पूर्ण त्यात गृहीत धरलेले असते. मराठीतील ‘विभाग’ आणि ‘खाते’ हे दोन्ही शब्द असेच षष्ठीची अपेक्षा ठेवतात : खाते म्हटले की ‘कोणाचे?’ असा प्रश्न उभा राहतो. ‘एजन्सी’ हा शब्द लॅटिनमधील ‘करणे’ ह्या अर्थाच्या धातूपासून आला आहे. एजंट हा दुसऱ्यासाठी करणारा. तो कोणाचा अवयव नव्हे. जाहिरात-प्रमुख पूर्वी न्यूजचा होता किंवा पोस्टचा होता. आता तो दोघांसाठी काम करणारा, आणि म्हणून एकाचाही नसलेला, असा झाला. एका पत्राने दुसऱ्याहून सरस व्हावे ह्यात त्याला लाभही नव्हता आणि हानीही नव्हती. नावातील बदल हा येथे केवळ नावातील बदल नव्हता; षष्ठी विभक्ती जाऊन तिच्या जागी चतुर्थी आली होती.

७

कराराच्या रचनेत ह्याहून खोल असा एक दोष होता. एजन्सीचा नफा दोन्ही मालकांत समसमान वाटला जाई. संपादकीय वर्गाचा खर्च मात्र ज्याचा त्याने सोसावयाचा होता. ह्याचा परिणाम गणिताने काढता येतो. न्यूजने दहा चांगले बातमीदार नेमून पत्र सुधारले आणि त्यामुळे जाहिरात वाढली, तर खर्च सगळा न्यूजचा आणि वाढीव उत्पन्नातील अर्धा वाटा पोस्टचा. उलट न्यूजने दहा माणसे कमी केली, तर बचत सगळी त्याची आणि उत्पन्नातील तूट मात्र दोघांत विभागून. पूर्वी चांगले पत्र आणि भरलेला जाहिरात-स्तंभ ह्यांच्यात जो दुवा होता, तो ह्या रचनेत अर्ध्याने तुटला होता.

हे लक्षात घेता न्यूजच्या संपादकीय वर्गाने ह्या काळात जे काम केले ते अधिकच गौरवास पात्र ठरते. २००० मध्ये कोलंबाइन शाळेतील हत्याकांडाच्या छायाचित्रांसाठी, २००३ मध्ये राज्यातील वणव्यांच्या छायाचित्रांसाठी आणि २००६ मध्ये इराक युद्धात पडलेल्या सैनिकांच्या कुटुंबांविषयीच्या लेखनासाठी व छायाचित्रांसाठी दोन, अशी एकूण चार पुलित्झर पारितोषिके ह्या पत्राने थोड्या वर्षांत मिळविली. कायद्याला अभिप्रेत असलेले संपादकीय स्वातंत्र्य कागदावरच राहिले, असे म्हणता येणार नाही. ते खरोखर होते. मात्र त्या स्वातंत्र्याचा पत्राच्या जगण्याशी असलेला संबंध सुटला होता.

आरंभी एजन्सीला अनुकूल दिवस आले. स्पर्धा संपताच जाहिरातीचे दर वाढले. दोन पत्रांत खेळवीत ठेवण्याची लहान व्यापाऱ्याची सोय गेली. २००६ मध्ये नगराच्या मध्यभागी नवी बहुमजली इमारत उभी राहिली आणि दोन्ही पत्रांचे संपादकीय वर्ग तिच्यात वेगवेगळ्या मजल्यांवर राहावयास आले. परंतु दर वाढविले जात असतानाच छोट्या जाहिरातींचा प्रवाह दुसरीकडे वळत होता. नोकरी, घर आणि जुनी मोटार ह्या तीन विषयांच्या जाहिराती हे नगरपत्राचे खरे पीक. ते आता इंटरनेटवर अत्यल्प दराने किंवा फुकट छापले जात होते. संपूर्ण अमेरिकेत दैनिकांचे छोट्या जाहिरातींचे उत्पन्न २००० मध्ये सुमारे १,९६० कोटी डॉलर होते. २००९ मध्ये ते सुमारे ६२० कोटींवर आले. कोणतेही जाहिरात-खाते, ते कोणाच्याही हाती असते तरी, हा लोंढा थोपवू शकले नसते. येथे एजन्सीला दोष देणे अन्यायाचे होईल.

परंतु दोष कोणाचा हा एक प्रश्न, आणि संकट आल्यावर हाती साधन काय होते हा दुसरा. १९४२ मध्ये न्यूज मरणाच्या दारात असता संपादकाने पानाचा आकार बदलला आणि त्या नव्या आकाराचे पान विकावयास जाहिरात-खाते बाहेर पडले. २००८ मध्ये असा प्रयोग सुचविणारा कोणी असता, तरी तो विकावयास न्यूजची स्वतःची माणसे नव्हती. त्या वर्षी न्यूजला १ कोटी ६० लाख डॉलरचा तोटा आला. ४ डिसेंबर २००८ रोजी स्क्रिप्स कंपनीने पत्र विकावयास काढल्याचे जाहीर केले. पण विकावयाचे म्हणजे काय? घेणाऱ्याला मिळणार होते ते एक नाव, एक संपादकीय वर्ग आणि प्रतिस्पर्ध्याबरोबरच्या एजन्सीतील अर्धा वाटा. आपल्या मालाचा दर, आपल्या जाहिराती, आपले वितरण, ह्यांपैकी काहीही त्याला एकट्याने हाती घेता येण्याजोगे नव्हते. एक इच्छुक पुढे आला. परंतु त्याची योजना टिकाऊ ठरली नाही. २७ फेब्रुवारी २००९ रोजी न्यूजने वाचकांचा निरोप घेतला. पोस्ट राहिले, आणि एजन्सीही पोस्टच्या मालकाकडे राहिली.

हे केवळ डेन्व्हरमध्येच घडले असे नाही. सिनसिनाटी पोस्ट २००७ च्या अखेरीस, आल्बुकर्क ट्रिब्यून फेब्रुवारी २००८ मध्ये आणि टक्सन सिटिझन मे २००९ मध्ये बंद झाले. सिॲटल पोस्ट-इंटेलिजेन्सरची छापील आवृत्ती मार्च २००९ मध्ये थांबली. हे सर्व संयुक्त करारात बांधलेले होते, आणि ज्या दोन शहरांतून ह्या पद्धतीचा आरंभ व तिची न्यायालयीन परीक्षा झाली ती आल्बुकर्क व टक्सन ही शहरेही ह्या यादीत आहेत.

८

न्यूज बंद पडल्यानंतर त्यातील काही पत्रकारांनी इंटरनेटवर नवे पत्र काढण्याचा घाट घातला. २३ एप्रिल २००९ ह्या, म्हणजे न्यूजच्या दीडशेव्या वाढदिवसाच्या दिवसापर्यंत ५० हजार वर्गणीदार मिळवावयाचे, असा त्यांचा संकल्प होता. मिळाले सुमारे ३ हजार. लेखणी तीच, वाचक तेच, नगर तेच. परंतु त्यांच्यामध्ये पैशाचा मार्ग घालून देणारे जे खाते असावयास हवे होते, ते आठ वर्षांपूर्वीच गेले होते.

जो उरला त्याचे तरी भले झाले काय? पोस्ट हे नगरातील एकमेव मोठे दैनिक राहिले, तरी २०१० च्या आरंभी त्याच्या मूळ कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला आणि पुढे सूत्रे न्यूयॉर्क येथील एका गुंतवणूक-संस्थेच्या हाती गेली. एप्रिल २०१८ मध्ये पोस्टने आपल्याच मालकांविरुद्ध लेख छापून पत्र वाचविण्याचे आवाहन केले. मक्तेदारी मिळूनही स्वास्थ्य मिळाले नाही. कारण ज्या जाहिरातींच्या मक्त्यासाठी शतकभर झुंज चालली होती, त्या जाहिरातींनीच स्थलांतर केले होते.

ह्या दीडशे वर्षांच्या वृत्तान्तातून निघणारा निष्कर्ष एकेरी नाही. जाहिरात-खाते संपादनाच्या अगदी पोटात शिरले तर काय होते, ह्याचे उदाहरण १९०७ च्या डेन्व्हरने दिले. ते पत्राबाहेर काढून ठेवले तर काय होते, ह्याचे उदाहरण २००१ च्या डेन्व्हरने दिले. संपादक व जाहिरात-प्रमुख ह्यांच्यामध्ये भिंत असावी, हे तत्त्व सर्वमान्य आहे आणि ते योग्यही आहे. परंतु भिंत ही एकाच घरातील दोन दालनांमध्ये असते. घरे दोन झाली, तर तिला भिंत न म्हणता हद्द म्हणावे लागते. आणि हद्दीपलीकडील माणसावर आपले घर चालत नाही.

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास लिहितानाही संपादकांच्या तेजामुळे व्यवस्थापकांच्या नोंदवह्या अंधारात राहिल्या आहेत. कोणत्या पत्रात जाहिराती कोण मिळवीत असे, दर कोण ठरवीत असे, थकबाकी कोणाच्या शब्दावर माफ होई, आणि मालक बदलला की ह्या अधिकारांत काय बदल होई, ह्याची माहिती अग्रलेखांत मिळणार नाही. ती जमाखर्चाच्या वह्यांत, दरपत्रकांत आणि अंकाच्या अखेरच्या पानांत दडलेली आहे. डेन्व्हरचा दाखला लक्षात घेता, ती वाचावयास हवी. वृत्तपत्राने काय म्हटले हे संपादकीय स्तंभ सांगतो. ते म्हणण्यासाठी तो उद्या जिवंत राहील की नाही, हे बहुधा दुसऱ्याच स्तंभात लिहिलेले असते.